लेखन शिकवणाऱ्यांचा गट चालवताना

लेखन शिकवणाऱ्या शिक्षकांचा गट सुरू व्हायला फारसं काही लागत नाही. पहिली बैठक उत्साहात होते, दुसरीही होते, आणि चौथी-पाचवी येईपर्यंत माणसं गळायला लागतात. विचारलं तर वेळ मिळत नाही असं उत्तर येतं. ते खरं असतं, पण तेवढंच कारण नसतं. अशा गटांत आम्ही बरीच वर्षं बसतो, त्यातले काही चालवतोही. टिकलेले आणि विरून गेलेले गट शेजारी ठेवून पाहिले की फरक एका ठिकाणी हटकून दिसतो: बैठकीतून उठताना प्रत्येकाकडे पुढच्या बैठकीपर्यंत करायचं काही काम बाकी असतं की नाही. नुसतं ऐकून किंवा नुसतं बोलून माणूस उठला, तर पुढची बैठक बुडवताना त्याला काही वाटत नाही. आपल्या वर्गातल्या पाच वह्या घेऊन यायचं कबूल केलेलं असेल, तर तो येतो.

१९७४ साली बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात जेम्स ग्रे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बे एरिया रायटिंग प्रोजेक्ट सुरू केला. नॅशनल रायटिंग प्रोजेक्टचं अमेरिकाभराचं जाळं पुढे त्यातूनच वाढलं. त्यामागची दोन सूत्रं आजही कामाची आहेत. शिक्षकांना शिकवायला सर्वांत योग्य माणूस म्हणजे वर्गात उभा राहणारा दुसरा शिक्षक, हे एक. लेखन शिकवणाऱ्याने स्वतः लिहिलं पाहिजे, हे दुसरं. या प्रकल्पाची उन्हाळी शिबिरं सगळ्यांच्या लक्षात राहतात आणि नक्कलही त्यांचीच होते. शिबिरानंतर वर्षभर भेटत राहण्याची सोय हाही त्या रचनेचाच भाग आहे, हे मात्र निसटतं. शिबिरात मिळालेली युक्ती वर्गात पहिल्यांदा वापरली की बहुधा फसते. ती का फसली हे बोलायला जागा नसेल, तर शिक्षक मुकाट्याने जुन्या पद्धतीकडे परत जातो.

गटात सहा ते दहा माणसं असावीत. पाचापेक्षा कमी असली की दोघं गैरहजर राहिली तरी बैठक मोडते. बारापेक्षा जास्त झाली की काहीजण प्रेक्षक होतात, आणि प्रेक्षक झालेला शिक्षक पुढे येईनासा होतो. प्राथमिक, माध्यमिक आणि महाविद्यालयीन शिक्षक एकत्र बसले तर फार चांगलं. महाविद्यालयात ‘यांना परिच्छेद पाडता येत नाही’ अशी तक्रार करणाऱ्याला तिसरीच्या वर्गात परिच्छेद कसा सुरू होतो ते तिथे दिसतं. फक्त कुठल्याही स्तरावरचा एकटाच शिक्षक गटात असू नये, किमान दोघं हवीत. ज्याच्या हातात इतरांचं मूल्यमापन आहे, म्हणजे मुख्याध्यापक किंवा पर्यवेक्षक, त्याला सभासद करू नये. माणूस कितीही मनमोकळा असला तरी त्याच्या समोर कोणी आपल्या वर्गातलं बिघडलेलं काम बाहेर काढत नाही. सगळे आपापला सर्वांत सुंदर निबंध घेऊन येतात आणि बैठक प्रदर्शन होऊन बसते.

वार आणि वेळ वर्षाच्या सुरुवातीला एकदाच ठरवावी, ‘महिन्याचा दुसरा शनिवार, दोन तास’ अशी. दर वेळी सगळ्यांच्या सोयीची तारीख शोधणारा गट शोधण्यातच दमतो. दोन बैठकांमधलं अंतर तीन ते चार आठवडे ठीक पडतं. दोनच आठवडे असले तर वर्गात काही करून पाहायला आणि मुलांकडून लिहून घ्यायला वेळ पुरत नाही. सहा आठवडे झाले तर आपण काय करून पाहणार होतो तेच आठवत नाही.

दोन तासांची आमची वाटणी अशी असते. पहिली वीस मिनिटं सगळ्यांनी स्वतः लिहायचं. पुढची पंचवीस मिनिटं मागच्या वेळी ठरलेल्या प्रयोगांचा हिशोब. मग पन्नास मिनिटं एकाच शिक्षकाने आणलेल्या मुलांच्या लेखनावर. उरलेल्या वेळात चहा, आणि शेवटची दहा मिनिटं पुढे कोण काय करून पाहणार ते ठरवून वहीत लिहायला. ही शेवटची दहा मिनिटं घड्याळ लावून राखावी लागतात, कारण रंगलेली चर्चा नेमकी त्यांच्यावरच चालून येते. ती गेली की कोणाकडेच काही काम बाकी राहत नाही, आणि मग महिनाभर काहीच होत नाही.

स्वतः लिहिण्याला सुरुवातीला सर्वांत जास्त विरोध होतो, आणि तो भाषेच्या शिक्षकांकडूनच. इतकी वर्षं दुसऱ्यांच्या चुका काढल्यावर आपलं कच्चं लेखन चारचौघांत वाचायची भीती वाटणं साहजिक आहे. म्हणून नियम ठरलेला असतो: वाचणं ऐच्छिक, आणि ऐकणाऱ्यांनी फक्त कानात राहिलेला शब्द किंवा वाक्य परत म्हणायचं. ‘वा’, ‘सुंदर’ यालाही बंदी. कौतुकाने काय बिघडतं, असं वाटेल. बिघडतं हे, की जो आधीच लिहिता आहे त्याला दाद मिळते, आणि तिसऱ्या बैठकीपासून फक्त तोच वाचतो. विषय वेगळा शोधू नये. आपण वर्गात जो देणार आहोत तोच घ्यावा. ‘माझा आवडता ऋतू’ या विषयावर पंधरा मिनिटं खरोखर लिहून पाहिलं की पहिल्या चार ओळी ठरावीकच येतात, हे स्वतःच्याच कागदावर दिसतं. मग मुलांच्या निबंधातल्या ठरावीक ओळींचा राग येत नाही. विषयच बदलावासा वाटतो. वीसपैकी शेवटची पाच मिनिटं आम्ही ‘हे लिहिताना मी कुठे थांबलो, काय खोडलं, पुन्हा मागे जाऊन काय वाचलं’ यावर टिपण करायला ठेवतो. वर्गात न्यायला कथा-कवितेपेक्षा हे टिपण जास्त उपयोगी पडतं.

आता पन्नास मिनिटांचा मधला भाग, कारण गटाचा सगळा जीव तिथे असतो. मुलांचं लेखन शांतपणे वाचण्याच्या पद्धती शिक्षकांनी आणि अभ्यासकांनी फार कष्टाने बसवल्या आहेत. अमेरिकेतल्या व्हरमाँट राज्यात १९६५ साली सुरू झालेल्या प्रॉस्पेक्ट स्कूलमध्ये पॅट्रिशिया कॅरिनी यांनी मुलांच्या कामाचं फक्त वर्णन करण्याची शिस्त घडवली. हार्वर्ड विद्यापीठाच्या प्रोजेक्ट झिरो या शिक्षणविषयक संशोधनगटात स्टीव्ह सायडेल यांनी १९८८ मध्ये तयार केलेल्या पद्धतीत लेखन आणणारा शिक्षक सुरुवातीला बोलतच नाही. आम्ही वापरतो ती रीत या दोन्हींवरूनच आली आहे.

लेखन आणणाऱ्याने एकाच मुलाचं किंवा मुलीचं एक ते दीड पान आणायचं, नाव झाकून झेरॉक्स काढलेलं, प्रत्येकाला एक प्रत. हस्ताक्षरातलंच आणायचं, टाइप केलेलं नको, कारण खाडाखोड, समासात घुसवलेला शब्द, दाबून लिहिलेलं अक्षर यांतही माहिती असते. शिक्षकाचा शेरा आणि गुण मात्र झाकायचे. आठ मिनिटं सगळे गप्प बसून दोनदा वाचतात. मग फेरी सुरू होते: प्रत्येकाने एक निरीक्षण सांगायचं, आणि त्यात चांगलं, वाईट, कच्चं, हुशार असे शब्द येता कामा नयेत. कागदावर बोट ठेवून दाखवता येईल तेवढंच बोलायचं.

हे ऐकायला सोपं वाटतं, करायला फार अवघड आहे. समजा एका सहलीच्या वर्णनात जवळजवळ प्रत्येक वाक्य ‘मग’ने सुरू होतं. पहिली प्रतिक्रिया येते की वाक्यरचना कमकुवत आहे. बैठक चालवणाऱ्या सूत्रधाराने तिथेच थांबवून विचारायचं, ‘नेमकं काय दिसतं?’ तेव्हा कोणीतरी मोजतं: ‘मग’ अकरा वेळा आहे. दुसरं कोणी सांगतं की तिसऱ्या परिच्छेदात तो एकदाही नाही. तिसरा त्या परिच्छेदाकडे नीट बघतो, तर तिथे मुलगी आणि तिचे आजोबा बोलत असतात, आणि त्या संवादात पाण्याचा रंग, घसरलेली चप्पल, आजोबांचा धरलेला हात असे तपशील आलेले असतात. म्हणजे जिथे ती घटनांची यादी सांगते तिथे ‘मग’ येतो, आणि जिथे तिला एक प्रसंग डोळ्यांसमोर दिसतो तिथे तो आपोआप गळतो. आता शिकवायचं काय, ते समोर आहे. ‘मग’ला पर्यायी शब्द घोकून घेण्यात अर्थ नाही, सहलीतला एकच प्रसंग निवडून तेवढाच लिहायला सांगायचा. ‘वाक्यरचना कमकुवत’ या निदानापाशी गट थांबला असता, तर उभयान्वयी अव्ययांचा आणखी एक सराव हाती लागला असता.

निरीक्षणांच्या दोन फेऱ्या झाल्या की प्रश्नांची एक फेरी. प्रश्न लेखनाबद्दल आणि लिहिणाऱ्या मुलाबद्दल असावेत. ‘तुम्ही आधी आराखडा करून का घेतला नाही?’ हा प्रश्न नसतो, तो प्रश्नाचं सोंग घेतलेला सल्ला असतो. लेखन आणणारा शिक्षक इतका वेळ फक्त लिहून घेतो. त्याची पाळी सर्वांत शेवटी, दहा मिनिटांची. त्याला आधी बोलू दिलं तर ‘या मुलाचं घरचं वातावरण तसं आहे’, ‘हा वर्गच तसा आहे’ अशी पार्श्वभूमी येते, आणि मग सगळे कागद बाजूला ठेवून त्या पार्श्वभूमीकडेच बघतात. सल्ला त्याने मागितला तरच द्यायचा, आणि तोही एका वाक्यात. ही शिस्त नव्या माणसाला कोरडी वाटते हे खरं आहे. पण आपल्या वर्गातल्या एका मुलाच्या एका पानावर आठ जाणत्या माणसांनी अर्धा तास घालवला, हा अनुभव शिक्षकाला दुसरीकडे कुठे मिळत नाही, आणि त्यासाठी तो कोरडेपणा सोसतो.

वर्षातून दोनदा या भागाची जागा गुणदानाची बैठक घेते. १९१२ साली डॅनियल स्टार्च आणि एडवर्ड एलियट या अमेरिकन संशोधकांनी इंग्रजीची एकच उत्तरपत्रिका १४२ शिक्षकांकडून तपासून घेतली, तेव्हा तिला शंभरपैकी ६४ पासून ९८ पर्यंत गुण पडले. दुसऱ्या उत्तरपत्रिकेला ५० पासून ९७ पर्यंत. १९६१ साली पॉल डीडरिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ३०० निबंध ५३ वाचकांना नऊ श्रेणींत लावायला दिले. त्यात प्राध्यापकांबरोबर संपादक, वकील आणि व्यावसायिकही होते. एकाही निबंधाला पाचापेक्षा कमी वेगवेगळ्या श्रेणी मिळाल्या नाहीत. त्यापुढचा निष्कर्ष जास्त मोलाचा: वाचकांचे ढोबळमानाने पाच कल निघाले. कोणी विचारांना वजन देत होतं, कोणी मांडणीला, कोणी शब्दांच्या निवडीला, कोणी लेखनाच्या नियमांना, तर कोणी लिहिणाऱ्याच्या खास ढंगाला.

हेच गटात करून पाहता येतं. एकाच विषयावरचे सहा निबंध, वर फक्त क्रमांक. प्रत्येकाने एकट्याने वाचून दहापैकी गुण चिठ्ठीवर लिहायचे, चिठ्ठ्या गोळा करायच्या आणि सगळे आकडे फळ्यावर मांडायचे. एकदा दिलेला आकडा बदलायचा नाही. हा नियम नसेल तर फळ्याकडे बघून सगळे हळूच मधल्या आकड्याकडे सरकतात आणि बैठकीचा हेतूच जातो. ज्या निबंधाच्या गुणांत सर्वाधिक तफावत आहे तेवढाच चर्चेला घ्यायचा. सर्वांत जास्त आणि सर्वांत कमी देणाऱ्याने कुठल्या ओळीमुळे तसं केलं ते दाखवायचं, बाकीच्यांनी ऐकायचं. सरासरी काढायची नाही. ऱ्हस्व-दीर्घाच्या चुकांना एकजण दोन गुण कापतो आणि दुसरा काहीच कापत नाही, हे उघड झालं की त्या दोघांना आपापल्या वर्गात निदान आधी सांगता येतं की या वेळी गुण कशाचे आहेत. मुलांना इतकं जरी आधी कळलं तरी फार फरक पडतो.

शेऱ्यांची बैठकही याच जातीची. प्रत्येकाने आपण तपासलेल्या दहा वह्यांतले शेरे एका कागदावर उतरवून आणायचे. मग एकच प्रश्न लावायचा: हा शेरा वाचून मुलाला उद्या वही उघडून नेमकं काही करता येईल का? ‘छान’, ‘प्रयत्न चांगला’, ‘अक्षर सुधारा’, ‘सविस्तर लिहा’ हे बहुतेक तिथेच अडकतात. ‘सविस्तर लिहा’ म्हणजे कुठे, हे मुलाला कळत नाही, म्हणून ते शेवटी दोन पोकळ वाक्यं जोडतं. त्याऐवजी ‘दार उघडलं तेव्हा आत कोण होतं, ते इथे हवं’ असं समासात लिहिलं तर मूल तेच लिहून आणतं. असे शेरे लिहायला वेळ लागतो, आणि साठ वह्यांवर ते शक्य नाही, ही हरकत अगदी रास्त आहे. आमच्या गटांत निघालेला मार्ग असा: प्रत्येक वहीवर एकच शेरा, एकाच जागेविषयी, आणि पुनर्लेखनही तेवढ्याच जागेचं. सगळ्या चुकांवर लाल रेघा मारण्याचा वेळ वाचतो तो इकडे वळवायचा. पालकांना हे आधी समजावून सांगावं लागतं, नाही तर न तपासलेली वही म्हणून तक्रार येते.

आता प्रयोगांचा हिशोब, म्हणजे ज्याला सुरुवातीला बाकी असलेलं काम म्हटलं त्याचा. प्रयोग लहान हवा: एक वर्ग, एक बदल, दोन ते तीन आठवडे. गटाच्या वहीत तो एका वाक्यात मावला पाहिजे. ‘मी मुलांचं लेखन सुधारणार आहे’ हे वाक्य चालत नाही. ‘सातवीत पहिला खर्डा झाल्यावर मुलं जोडीने एकमेकांचं मोठ्याने वाचतील आणि जिथे वाचताना अडखळतील तिथे खूण करतील’ हे चालतं. बदल दोन केले की काय कशामुळे झालं ते सांगता येत नाही. पुरावा म्हणून पाच वह्या आणायच्या, आधीचं आणि नंतरचं लेखन एकत्र. कुठल्या पाच, ते आधीच हजेरीपटावरून ठरवून टाकायचं, उदाहरणार्थ क्रमांक २, ९, १६, २३ आणि ३०. नंतर निवडायला मोकळीक ठेवली की आपला हात नकळत चांगल्या वह्यांकडेच जातो. या पाचांपैकी दोघं गैरहजर होती, एकाने लिहिलंच नाही, असंही होतं. तेही सांगायचं, कारण जो लिहीतच नाही त्याच्यासाठी या युक्तीत काही नव्हतं ही माहितीच आहे. प्रत्येकाला हिशोबाला तीन मिनिटं. काहीच केलं नसेल तर ‘या वेळी झालं नाही’ एवढं सांगून पुढे जायचं, कारणं द्यायची नाहीत आणि कोणी मागायचीही नाहीत. हे एवढं सैल ठेवलं नाही, तर काम न झालेला माणूस लाजेने बैठकीलाच येत नाही.

गट बिघडायच्या वाटा ठरलेल्या आहेत. सर्वांत मोठी तक्रारींची. अभ्यासक्रम, वर्गातली संख्या, वरून मागितली जाणारी कागदपत्रं, सगळं खरं आणि सगळं जिव्हारी लागलेलं. ते दाबू नये. चहाच्या वेळेला मोकळं सोडावं आणि कागद समोर आले की थांबवावं. दुसरी वाट तज्ज्ञ पाहुण्याची. वर्षात एखादा बोलवावा, पण दर महिन्याला व्याख्यान सुरू झालं की सभासद श्रोते होतात. तिसरी वाट कृतिपत्रिका आणि तयार साहित्याच्या देवाणघेवाणीची, आणि ही सगळ्यांत फसवी, कारण प्रत्येकजण काहीतरी हातात घेऊन घरी जातो. पण तयार कागद बैठकीला न येताही मोबाइलवर मिळतो. मोबाइलवरचा गट म्हणूनच आम्ही तारखा, जागा आणि फार तर एखादा अडलेला प्रश्न एवढ्यापुरता ठेवतो. मुलांच्या लेखनाचे फोटो तिथे कधीच टाकत नाही. ते एकदा बाहेर गेले की कुठवर जातील ते आपल्या हातात राहत नाही. बैठकीतल्या झेरॉक्स प्रतीही शेवटी गोळा करून आणणाऱ्याकडे परत द्यायच्या.

सूत्रधार दर बैठकीला बदलावा. एकच माणूस दोन-तीन वर्षं गट ओढत राहिला की तो थकतो त्या दिवशी गट संपतो, आणि तो थकला नाही तर गट त्याचा होतो. सूत्रधाराला वेगळं ज्ञान लागत नाही. घड्याळ पाहणं, फेरीत कोणी सुटत नाही ना ते बघणं, आणि निवाडा सुरू झाला की ‘कागदावर कुठे आहे?’ विचारणं, इतकंच काम. नवखा सूत्रधार असेल तर शेजारी एक जुना बसवावा, पण त्याने मध्ये बोलू नये. परीक्षांच्या महिन्यात बैठक रद्द करायची नाही. ती पाऊण तासाची करायची, लिहिणं आणि हिशोब एवढीच. सलग दोन बैठका रद्द झालेला गट पुन्हा उभा करायला नव्याने सुरू करण्याइतकेच कष्ट पडतात.

नवे सभासद वर्षाच्या सुरुवातीलाच घ्यावेत, एका वेळी दोन. एकटा आला तर बुजतो, चार आले तर रीत त्यांना कळायच्या आधीच बदलून जाते. पहिल्या दोन बैठकांत त्यांच्याकडून लेखन मागू नये, फक्त निरीक्षणाच्या फेरीत बसवावं. तिसऱ्या बैठकीला बहुतेक वेळा ते स्वतःहून एखादं पान घेऊन येतात. त्यांना वाचायला द्यायची ती गटाची वही. तिच्यात प्रत्येक बैठकीचं एक पान असतं: तारीख, कोण आलं, कुठल्या इयत्तेचं लेखन वाचलं, निरीक्षणांतली लक्षात राहिलेली तीन, आणि कोण काय करून पाहणार आहे त्याची वाक्यं. पुढच्या बैठकीत प्रत्येक वाक्याशेजारी ‘झालं’, ‘फसलं’ किंवा ‘राहिलं’ एवढंच लिहायचं. जूनमध्ये पहिल्या बैठकीला आम्ही मागच्या वर्षीची ही पानं मोठ्याने वाचतो आणि ‘राहिलं’पुढची वाक्यं फळ्यावर उतरवतो. नव्या वर्षाचे पहिले प्रयोग त्यांतूनच निवडले जातात.